मायाप्पाचं लपवलेलं बटण

सोलापुरात होटगी रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिच्यावर 'बिरोबा कार अलार्म' अशी पाटी आहे आणि पाटीखाली मायाप्पा कोळेकर नावाचा माणूस गेली सतरा वर्षं कुठल्या ना कुठल्या गाडीत डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत सापडतो. त्याचं तोंड पाहिलेली गिऱ्हाइकं कमी, तळपाय पाहिलेली जास्त. डॅशबोर्डखाली उताणा पडून, दातात टेस्टर धरून तो वायरी शोधतो आणि जे काही बोलायचं ते पायाच्या अंगठ्यानं बोलतो. अंगठा एकदा हलला की चावी फिरवायची, दोनदा हलला की बंद करायची. मोठमोठे डॉक्टर आणि वकील त्या अंगठ्याच्या हुकमात उभे राहिलेले लोकांनी पाहिले आहेत.

मायाप्पाचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरांमागं फिरणारं. उगाच भुंकणारं कुत्रं त्याचा बाप कळपाजवळ ठेवत नसे. लांडगा आला तरी मग कुणी उठत नाही, असं तो म्हणायचा. आणि शहरातले शिकलेले लोक नेमकं तसलंच कुत्रं गाडीत बसवून घ्यायला मायाप्पाकडे रांग लावतात. सायरन मांजराला ओरडतो, शेळीला ओरडतो, लग्नाच्या फटाक्याला ओरडतो, नुसत्या वाऱ्यालाही ओरडतो. पहिल्या आठवड्यात गाडीवाला धावत बाहेर येतो. दुसऱ्या आठवड्यात गॅलरीतून बघतो. तिसऱ्या आठवड्यापासून सगळी गल्ली मिळून खिडक्या लावून घेते. चोराला हे ठाऊक आहे, मायाप्पालाही ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला धक्का लावू नये, असं तो मानतो.

त्याची स्वतःची श्रद्धा मात्र पक्की होती. प्रत्येक अलार्ममध्ये एक लपवलेलं बटण असतं. रिमोट हरवला, बिघडला, तर चावी फिरवून ते दाबलं की सायरन गप्प होतो आणि इंजिन चालू होतं. म्हणजे सगळी राखण त्या एका बटणाच्या जागेवर. मायाप्पा ते प्रत्येक गाडीत वेगळ्या जागी लपवायचा आणि काम झालं की हत्यारांच्या पेटीतली भंडाऱ्याची डबी काढायचा. बॉनेटला हळद लावायची, चिमूटभर भंडारा हातात उचलायचा आणि म्हणायचं, "ज्याची गाडी, त्यालाच सांगीन. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर बिरोबा बघून घील." मग गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून जागा सांगायची. भंडारा उचलल्यावर धनगर खोटं बोलत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर त्याच्या शेडपुढे रांग असे. शेजारच्या दुकानात तोच सायरन मिळे, पण तिथं नुसती पावती मिळे.

एक दिवस आबासाहेब आले. शहराला लागून असलेल्या एका गावचे ते सरपंच. म्हणजे सरपंच त्यांची बायको मथुराबाई. जागा बायकांसाठी राखीव निघाली होती. पण पद सांभाळायचे कष्ट आबासाहेब घ्यायचे. सभेला तेच, सत्काराला तेच, फोनवर "सरपंच बोलतोय" म्हणणारेही तेच. मथुराबाईंकडे सहीचं तेवढं काम होतं, आणि तेही चहा टाकता टाकता उरकायचं. मायाप्पाची शेड ज्या जागेत होती ती जागाही आबासाहेबांचीच, असं सगळे धरून चालत. त्यामुळे ते आले की मायाप्पा गाडीतून पूर्ण बाहेर यायचा.

आबासाहेबांनी नवी गाडी घेतली होती. मॉडेल सगळ्यांत खालचं, मागं चिकटवलेली चकचकीत अक्षरं सगळ्यांत वरच्या मॉडेलची. पुढं काचेखाली लाल पाटी: सरपंच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे मायाप्पाच्या मनात आलं आणि मनातच राहिलं.

"सगळ्यात मोट्ट्यानं वरडणारा बसव," आबासाहेब म्हणाले. "आन् दोन्ही रिमोट माज्याकडं."

"एक घरी ठेवायचा असतोय, आबासाहेब. वयनींना लागला तर?"

"तेच तर नगं हाय."

मग त्यांनी आतली गोष्ट सांगितली. गावात त्यांनी महिलांसाठी मोटार चालवायला शिकवण्याचं शिबिर भरवलं होतं. व्यासपीठावरून 'स्त्रीच्या हाती चाक, देशाचा धाक' असं काहीतरी जोरात म्हटलंही होतं. बाकीच्या बायका फोटोपुरत्या सीटवर बसल्या आणि घरी गेल्या. मथुराबाईंनी काय करावं? त्या खरोखरच शिकल्या! लायसन काढलं. चावी लपवावी तर घरातली वस्तू बाईपासून किती दिवस लपणार? आणि नको म्हणावं तर फोटो पेपरात आलेला.

मायाप्पानं अलार्म बसवला. मग रिमोट शिकवला. हा त्याचा आवडता भाग. चावी चालू करायची, दहा म्हणायच्या आत लपवलेलं बटण ठरल्याइतक्या वेळा दाबायचं, सायरननं 'टुक' केलं की रिमोट दाबायचा. दिवे लुकलुकले की गाडीला रिमोटची ओळख पटली. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावताना असंच वासाची ओळख करून द्यावी लागते, असं तो सांगायचा. फक्त एक खोड होती: नवी ओळख करून दिली की गाडी जुन्या सगळ्या विसरते. म्हणून असतील नसतील ते रिमोट एकाच बैठकीत पुढं आणायचे. आबासाहेबांचे दोन्ही शिकवून झाले. भंडारा उचलला. कानात जागा सांगितली. आबासाहेब एक रिमोट खिशात आणि दुसरा कपाटात कुलपात ठेवायला निघून गेले.

महिन्याभरानं एका दुपारी मथुराबाई रिक्षानं शेडवर आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मायाप्पा गडबडीनं उठला आणि त्याचं डोकं स्टेअरिंगला लागलं.

"मायाप्पा भाऊ, उद्या तालुक्याच्या कचेरीत बैठक हाय," त्या बसायच्या आधीच बोलल्या. "पाण्याच्या टाकीची जागा ठरायची हाय. सायेबांनी लिहून कळवलंय, सरपंचांनी सवता यायचं. आमच्या घरच्यांनी मी आजारी असल्याचा अर्ज तयार ठेवलाय. टाकी त्यांच्या भावाच्या प्लॉटापाशी पायजे त्यांना. वरच्या वस्तीच्या बायका दोन मैलांवरनं पाणी आणत्यात, ते कुणी बघायचं?"

"मग रिक्षानं जावा की, ताई."

"गेलते की मागल्या टायमाला. दारातल्या शिपायानं विचारलं, 'सरपंच कुटं हायत?' मी म्हनलं मीच. तो हसला आन् बाकड्यावर बसवलं मला. सभा संपली तरी बाकड्यावरच." त्यांनी पदर सावरला. "पाटी त्या गाडीला हाय, भाऊ. माज्या कपाळाला न्हाय. परवा गाडी काढाय गेले तर असा बोंबलला तुमचा सायरन, की सारी गल्ली माज्याकडं चोर बघावा तशी बघाय लागली. ते बटण कुटं हाय, सांगा."

मायाप्पानं कानाला हात लावले. "भंडारा उचललाय, ताई. ज्याची गाडी, त्यालाच."

मथुराबाईंनी पिशवीतून गाडीच्या नोंदणीचं कार्ड काढलं आणि त्याच्या तेलकट हातावर ठेवलं. वायरींच्या नकाशांमुळे मायाप्पाला इंग्रजी अक्षरं लावता यायची. त्यानं एकेक अक्षर लावलं. मथुराबाई आबासाहेब बिराजदार. बाईच्या नावावर कर्ज घेतलं की व्याजात सवलत मिळते, म्हणून आबासाहेबांनी गाडी तिच्या नावावर घेतली होती.

सतरा वर्षांत त्यानं भंडारा उचलला, कानात सांगितलं, पण कार्ड कुणाचं कधी बघितलं नव्हतं. मिशी बघून गाडी कुणाची ते ठरवलं होतं. म्हणजे शपथ आज मोडायची की नाही हा प्रश्नच नव्हता. ती महिन्यापूर्वीच मोडली होती, आणि या एकाच गाडीची मोडली होती की आणखी कितींची, कुणास ठाऊक! आता बिरोबाला तोंड दाखवायचं तर बाईला सांगायला हवं, आणि बाईला सांगितलं तर शेड जाणार. शेड गेली की सतरा वर्षांची रांग गेली; नव्या जागेत त्याला कोण शोधत येणार होतं? त्यानं दोन्ही भीती तोलून पाहिल्या. बिरोबा एकदाच बघून घेणार, आबासाहेब रोज. हिशेबानं आबासाहेब जड होते. तरी मायाप्पानं डबी उघडली, भंडारा उचलला आणि मथुराबाईंच्या कानाशी लागला. ती जागा इथंही सांगायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब आंघोळीला बसले आणि अंगणात सायरन बोंबलला. गल्लीनं सवयीप्रमाणे खिडक्या लावल्या. आबासाहेबांनी न्हाणीतून "हाकल गं ती शेळी!" म्हणून सांगितलं आणि पाठीला साबण लावला. सायरन गप्प झाला. शेळी हाकलली गेली असं समजून त्यांनी आणखी दोन तांबे ओतून घेतले.

मथुराबाई पहिल्या गिअरमध्येच होटगी रस्त्यावर आल्या. "रिमोट शिकवा नवा," म्हणाल्या.

"जुने दोन्ही हितं नसले तर गाडी त्यांना विसरंल, ताई."

"विसरू द्या की. मला कुटं त्यांनी ध्यानात ठेवलं?"

सायरननं 'टुक' केलं, दिवे लुकलुकले, आणि ताई दुसऱ्या गिअरमध्ये तालुक्याकडे गेल्या.

पुढचं मायाप्पाला गिऱ्हाइकांकडून कळलं. आबासाहेब कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून कचेरीत पोचले तेव्हा गाडी दारात उभी होती आणि शिपाई तिची राखण करत उभा होता. आबासाहेबांनी रिमोट दाबला. मग हात लांब करून दाबला. मग गाडीच्या अगदी जवळ जाऊन, हनुवटीला लावून, फुंकर मारून दाबला. शिपाई म्हणाला, "दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नका. आत सरपंच बसल्यात." टाकी वरच्या वस्तीवर मंजूर झाली.

दुपारी आबासाहेब शेडवर आले ते रिक्षानं. ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. दोन्ही रिमोट त्यांनी मायाप्पाच्या पुढ्यात टाकले.

"माज्या जागेत बसून माज्याच घरात आग लावलीस? आटवड्यात शेड खाली करायची. पत्रा सुदीक ठेवायचा न्हाय."

"आबासाहेब, भंडारा—"

"तुजा भंडारा घिऊन जा संगं."

मायाप्पानं उरलेल्या गाड्या परत पाठवल्या आणि दिवस मावळायच्या आत कुंभारीला घरी आला. त्याची बायको रुपाली चुलीपुढं हुलग्याचं माडगं ढवळत होती. त्यानं सगळं सांगितलं. "माजं दुकान गेलं, रुपाली," तो म्हणाला. "सतरा वरसं काडली मी तितं. देवाचं खरं केलं आन् माणसानं हाकललं."

रुपालीनं पळी खाली ठेवली. ट्रंक उघडली, लुगड्यांच्या तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातला कागद त्याच्यापुढं धरला.

"वाचा."

तो शेडच्या जागेचा भाडेकरार होता. देणार, मथुराबाई आबासाहेब बिराजदार. घेणार, रुपाली मायाप्पा कोळेकर.

"जागा बाईच्या नावावर घेतली की सरकारात कमी भरावं लागतंय, म्हणून त्यांनी ताईच्या नावावर घेतली. हत्यारांचं कर्ज बचत गटाकडनं काडायचं म्हणून तुमी दुकान माज्या नावावर केलं. नोंदणीच्या कचेरीत चार तास आमी दोगी बाकड्यावर बसलो, एका पुडीतल्या शेंगा खाल्ल्या. फोटू आमचे, अंगठे आमचे. तुमी दोगं भाईर च्या पीत हुता."

मायाप्पानं कागदावरच्या दोन्ही नावांवरून बोट फिरवलं.

"म्हंजी शेड खाली करा, असं मथुराताईनं मला म्हनलं पायजे," रुपाली म्हणाली. "त्या न्हाय म्हणणार. दुपारीच फोन आलता त्यांचा, टाकी झाली म्हणून सांगाय. तुमी आन् आबासाहेब कुणाची जागा कुणाकडनं काडून घेताय?"

मायाप्पाला हसू फुटलं. उरावरचा धोंडा उतरला. आबासाहेबांकडे अख्ख्या संसारात स्वतःचे म्हणावे असे दोन रिमोटच होते, आणि तेही आज गाडी विसरली! तो मांडीवर थाप मारून हसला. उद्या जाऊन हा कागद आबासाहेबांच्या तोंडापुढं कसा नाचवायचा, ते त्यानं तिथंच करून दाखवलं. "माजं दुकान कुणाच्या बापाला हलणार न्हाय," तो म्हणाला.

रुपाली हसली नाही. तिनं कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. मग माडग्याचं ताट त्याच्यापुढं सरकवलं. सतरा वर्षांत ती डबा द्यायला शेडच्या दारापर्यंत आली होती; आत ये, बस, असं आपण तिला एकदा तरी म्हटलं होतं का, हे मायाप्पा आठवू लागला, आणि त्याला लाज वाटली.

"जेवून घ्या," रुपाली म्हणाली. "आन् उद्या मला संगं न्या. माजं दुकान आतनं कसं हाय, बघायचंय मला."