त्याची उलटी पाळी

राजापेठेतल्या आमच्या अभ्यासिकेखाली चहाची एक टपरी आहे. दुपारी आम्ही तिघं तिथं उतरायचो: मी, माझी एक मैत्रीण आणि अकोल्याचा तो. परीक्षेचं वाचून डोकं आंबलं की देव, जात, लग्न, मरण, जे हाताला लागेल त्यावर भांडायचो. मी मुळातच भांडखोर. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत दम धरणं मला जमत नाही. अशा वेळी तो हात वर करून नुसतं "थांब" म्हणायचा. मला राग यायचा आणि मी थांबायचेही.

नियम त्यानंच काढला होता. "डब्यासारखं मत बी आपन घरूनच आनतो," तो म्हणाला होता, "एखाद दिवस दुसऱ्याचा डबा खाऊन पाहू." म्हणून एका बैठकीत उलटी पाळी: जिच्यावर आपला विश्वास नाही तीच बाजू जीव तोडून मांडायची. पुढच्या बैठकीत सुलटी: आपल्या मनातलं बोलायचं. मैत्रीण दोन्ही वेळा न्यायाधीश. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे आणि बेतानं बोलायची सवय आमच्यात तिलाच होती.

त्या शनिवारी विषय होता, माणूस गेल्यावर काही उरतं का. माझ्या घरी पितृपक्षात कावळ्याची वाट पाहतात, आणि खरं सांगायचं तर मीही पाहते. म्हणून मला 'काही उरत नाही' ही बाजू. त्याचं घर बौद्ध. आत्मा, भूत असल्या गोष्टी तिथं कुणी मानत नसे, त्यामुळे त्याला 'उरतं' ही बाजू. मी माझी पाळी तावातावानं उरकली. मग तो बोलला, अगदी हळू.

"मी गेलो त दूर नाही जानार. माय चहा ठेवन तवा दारात उभा राहीन. ते विचारन, कोन हाय? मी काहीच बोलनार नाही. तरी ते कपभर पानी वाढवन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अन् इथं तुह्या डाव्या हाताले बसीन. आपन जितलो असं तुले वाटलं का मी म्हनीन, थांब."

मैत्रिणीनं निकाल त्याच्या बाजूनं दिला. मी चिडले. सोमवारी सुलटी पाळी आहे, तेव्हा स्वतःचंच बोलणं तुला खोडावं लागेल, असं ऐकवून मी वर निघून गेले. संध्याकाळी तो गाडीवर अकोल्याला निघाला. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याला ट्रकनं उडवलं. सुलटी पाळी राहूनच गेली.

त्याला काय वाटायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. काही उरत नाही, असंच तो सोमवारी म्हणाला असता, आणि आम्हाला पटवून म्हणाला असता. पण ते मी ऐकलेलं नाही. ऐकलं ते दुसरंच, आणि तेच माझ्या मागे लागलंय. टपरीवर मी डावीकडची जागा सोडून बसते. कुणाशी वाद घालताना सरशी व्हायला लागली की जीभ अडखळते. भीती वाटते. काहीच ऐकू आलं नाही की त्याहून वाईट वाटतं.

पुढं काही महिन्यांनी आम्ही दोघी अकोल्याला त्याच्या आईला भेटायला गेलो. काकू शाळेत शिकवतात. स्वयंपाकघरातच बसा म्हणाल्या. चहा ठेवता ठेवता, पाठमोऱ्याच, त्यांनी विचारलं की तो तुमच्यात काय बोलायचा, जगण्यामरण्याचं कधी काही म्हणाला का.

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. नियम सांगितला तर त्या माउलीच्या हाती काही लागणार नव्हतं. नाही सांगितला तर त्याला न पटणारं त्याच्या तोंडी घालून मी त्याच्याच आईला फसवत होते. कुणी हात वर न करता मी थांबले. मग दारातलं, चहाचं, कपभर पाण्याचं, सगळं सांगितलं. नियम तेवढा गाळला.

काकूंनी गॅस बारीक केला.

"उलटी पाळी होती ना त्याची?"

मी मान डोलावली.

"फोनवर माह्यापाशीच सराव करे तो," त्या म्हणाल्या. "हे बी आदल्या दिवशी म्हनून दाखवलं होतं. मी रागावली, असं काहून बोलतं म्हनलं. तो हसला." मग त्यांनी भांड्यात साखर घातली. "आपल्यात हे मानत नाहीत. मी बी मानत नाही. पन अखीन एकदा सांग, बाई. तो म्हने तसंच सांग."

मी सांगितलं. या वेळी शब्दांबरोबर त्याचा हेलही आला. चहा उकळत होता. दार माझ्या डाव्या हाताला होतं, आणि तिकडे पाहायची हिंमत आम्हा तिघींपैकी एकीलाही झाली नाही.