एतेलविनाच्या मेंढ्यांची लोकर

एतेलविनाला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या व्हियाफ्रिया गावाला ठाऊक होतं. मरणाआधीच्या डिसेंबरात मात्र ती दारोदार फिरून खोटं बोलली आणि मी तिच्याबरोबर होते.

आमच्या गावात सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना होता. पत्रा मजबूत व्हावा म्हणून सिमेंटमध्ये दगडातून निघणारा एक धागा मिसळत. पोत्यांतून यायचा तो, पांढरा, मऊ, पिंजलेल्या कापसासारखा. शिकलेले लोक त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणत, आम्ही म्हणायचो लोकर. आता नावच लोकर पडल्यावर ती मेंढीच्या अंगावर जाणार नाही तर कुठं?

एतेलविनाचा नवरा कुस्तोदियो पोती फोडायच्या खात्यात होता. तो जेवणाच्या डब्यातून मूठभर लोकर घरी आणायचा. एतेलविना मातीच्या मेंढ्या करायची आणि ती लोकर त्यांना चिकटवायची. गावात कुठल्याही बाळाचा बाप्तिस्मा झाला की तिच्याकडून एक मेंढी यायचीच. नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी प्रार्थनेला पोरं आपापली मेंढी घेऊन तिच्या अंगणात जमत आणि रोज ती तिथं मांडलेल्या बाळ येशूच्या गव्हाणीकडं थोडी सरकवत. सरकवण्याआधी मेंढीवर फुंकर घालायची, म्हणजे लोकर फुलते. हे तिनंच शिकवलं होतं.

"अरे, जोरात फुंका की!" ती ओरडायची. "बाळ येशूला थंडी वाजतेय, मेंढी गुबगुबीत नको?"

कुस्तोदियो खोकून खोकून मेला. सिगारेटी भोवल्या, असं कारखान्याच्या डॉक्टरनं सांगितलं. माणसानं जन्मात सिगारेट ओढली नव्हती! तरी आम्ही माना डोलावल्या. कारखान्यानं घरावर छप्पर दिलेलं, त्याच्याशी कोण भांडणार? पुढं कारखाना बंद पडला, लोक विसरले. मेंढ्या तेवढ्या राहिल्या.

मग बऱ्याच वर्षांनी एतेलविनाला दम लागायला लागला. छातीत पाणी झालं. राजधानीतल्या इस्पितळात मीच तिला घेऊन गेले. तिनं माझ्या मुलाला बाप्तिस्म्याला हातांवर धरलेलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. असलं नातं बहिणीपेक्षा घट्ट असतं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण ऐकून घेणारी. तिनं विचारलं, "तुम्ही कारखान्यात होता?"

"छे हो. मी घरीच. धुणीभांडी."

"नवऱ्याचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच. नाहीतर काय, बिशप येणार होता धुवायला?"

डॉक्टरीण हसली नाही. मेसोथेलिओमा म्हणाली ती. फुफ्फुसाभोवती पातळ आवरण असतं, त्याचा कॅन्सर. तो धागा केसापेक्षा बारीक. श्वासाबरोबर आत जातो, तिथं रुतून बसतो आणि तीस-चाळीस वर्षं दबा धरून राहतो. नवऱ्याचे कपडे झटकतानासुद्धा बाईच्या छातीत जातो. पाणी काढू, दुखणं कमी करू, पण बरं करणारं औषध नाही.

एतेलविनानं स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाली, "डॉक्टर, कुणी त्यावर नुसती फुंकर घातली तर?"

डॉक्टरणीला काही कळलं नाही. मला कळलं.

घरी आल्यावर तिनं एकच ध्यास घेतला: प्रार्थना सुरू व्हायच्या आत गावातली एकूण एक मेंढी परत आणायची. डॉक्टरणीनं रीत सांगितली होती. झटकायचं नाही, पाण्यानं भिजवायचं, दोन पिशव्यांत घट्ट बांधायचं आणि नगरपालिकेच्या माणसांच्या हवाली करायचं.

पहिल्या दिवशी ती खरं बोलली. खरं बोललं तर सख्ख्या आईला राग येतो, मग गावाला का येऊ नये?

"मेंढी परत म्हणजे आशीर्वाद परत," एउदोरो न्हाव्यानं कानावर हात ठेवले. "आणि चाळीस वर्षांनी काय व्हायचं ते तेव्हा बघू की, एतेलविनाबाई! आमची पोरं ठणठणीत आहेत."

त्याच्या बायकोनं तर आमच्यासमोरच दार लावलं. एतेलविना पायरीवर बसून धापा टाकत राहिली. मला इतका संताप आला की दारावर लाथ घालावीशी वाटली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "उद्यापासून मी खोटं बोलणार."

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार सांगत सुटली, की यंदा मेंढ्यांना नवे कोट. डोंगरावरच्या खऱ्या मेंढ्यांची लोकर आणलीय, फुकट लावून देते. मग काय, लोकांनी मेंढ्या आणून ओतल्या! एउदोरोची बायको गुळाचं गरम पाणी घेऊन आली, वर म्हणाली, "आमचीला जरा तपकिरी लावा हं."

एतेलविना अंगणात बादली घेऊन बसायची. तोंडाला ओलं फडकं, नाकात प्राणवायूची नळी, नळीचा आवाज फसफस. एकेक मेंढी पाण्यात बुडवायची आणि पिशवीत टाकायची. बदल्यात द्यायच्या खऱ्या लोकरीच्या नव्या मेंढ्या मी आधीच करून ठेवल्या होत्या.

प्रार्थनेच्या पहिल्या दिवशी दुपारी तिची मुलगी नूबिया आली. रुमालात गुंडाळून स्वतःची मेंढी घेऊन. एतेलविनानं केलेली ती सगळ्यात पहिली. "कोटाची खरी गरज हिलाच आहे बघ, आई."

रुमाल उघडला. आत नुसती माती. लोकरीचा एक धागाही नव्हता.

"हिची लोकर कुठं गेली?" एतेलविनानं विचारलं.

नूबिया हसली. "विसरलीस? माझीच फुंकर गावात सगळ्यात जोराची म्हणून तूच तर मिरवायचीस. उडून उडून संपली."

एतेलविनानं हळूच विचारलं, "तुला दम लागतो का गं?"

"जिना चढले की थोडा. वजन वाढलंय ना."

एतेलविनानं ती बोडकी मेंढी बादलीत बुडवली आणि हात बाहेर काढायचा विसरून गेली.