हिरवा पडदा आणि मैनाचा चुडा

पावसच्या मैनाला कुणी भित्री म्हटलं तर तिच्या माहेरचे पोट धरून हसतील. लहानपणी न्हाणीत शिरलेल्या धामणीला हिनेच शेपटीला धरून बाहेर काढलं होतं, वर तिलाच चार शिव्या हासडल्या होत्या. भीती तिला सासरी आल्यावर लागली, तीही नवऱ्याच्या नोकरीपायी. सागर लोट्याच्या एमआयडीसीत, एका केमिकलच्या कारखान्यात. तिथेच खोली घेऊन राहायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. पहिली पाळी असली की साडेतीनला सुटायचा आणि फोनवर एकच शब्द बोलायचा, ‘सुटलो.’ तेवढं ऐकलं की मैनाचा जीव भांड्यात पडायचा आणि मग ती दुपारचं जेवायची. तोवर उपाशी का, हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दिवसभर तिचं शिलाई मशीन चालायचं. ब्लाउज, शाळेचे गणवेश, आणि गेली तीन वर्षं कॉसप्ले. म्हणजे मनातलं एखादं पात्र अंगावर चढवायचं, तसा वेश, तसं चिलखत, आणि त्याचे व्हिडिओ नेटवर टाकायचे. या नादाला तिला लावलं शेजारच्या अलफियाभाभीने. भाभीचा नवरा आखातात जहाजावर; त्याने आणलेल्या लॅपटॉपवर बाई बघून बघून एडिटिंग शिकली होती. मैनाचा मोबाइल ट्रायपॉडवर, समोर गोल लाइट, कुरियरने येणारी फोमची शीट, ती चिकटवायची गरम गोंदाची बंदूक, आणि पडवीच्या भिंतीवर ताणलेला हिरवा कपडा. एवढाच त्यांचा स्टुडिओ. हिरवं तेवढं पूस असं सॉफ्टवेअरला सांगायचं, मग त्या जागी समुद्र घाला नाहीतर डोंगर घाला. पडद्याला सुरकुती पडली की ते गोंधळायचं, म्हणून मैना त्याला सणाच्या साडीसारखी इस्त्री करायची.

यंदा दोघींनी स्वतःच्या डोक्याने एक पात्र काढलं, खाडीची राणी. निळा वेश, रुपेरी चिलखत, मागे खवळलेला समुद्र. पहिला व्हिडिओ तयार झाला आणि मैनाने तो पाहिला मात्र, तिच्या अंगावर काटा आला. कोपर होतं, पंजा होता, आणि मधून लाटा आरपार जात होत्या. सॉफ्टवेअरने हिरवं पुसताना तिच्या डझन डझन हिरव्या बांगड्याही पुसल्या होत्या, हातासकट.

भाभी हसून हसून बेजार. तिने तो व्हिडिओ मैनाला न विचारता टाकूनही दिला, आणि लोकांनी डोक्यावर घेतला. काय इफेक्ट, कुठलं ॲप, म्हणून विचारणारे शेकड्याने. कसला डोंबलाचा इफेक्ट! नवरा तिकडे ॲसिडच्या टाक्यांपाशी राबतोय आणि इकडे बायकोचे हात चुड्यासकट गायब. मैनाने तो सागरला पाठवला नाही. नवऱ्याला काय दाखवायचं, हे?

पण त्या व्हिडिओवरूनच मुंबईच्या एका कॉसप्ले मेळ्याचं बोलावणं आलं. एक मिनिटाचा स्वच्छ व्हिडिओ हवा, त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पडदा निळा लावावा तर राणीच निळी, तीच पुसली जायची. मनगटावर फोमचं कवच बसवलं, तर ते बांगड्यांवर चढेना. भाभी म्हणाली, काढ की, दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

आता हे तिला सांगायला सोपं. बांगड्या भरायला बसलं तर कासारसुद्धा सवाष्णीचा हात ओका ठेवत नाही, एक तरी जुनी राहू देतो. फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मैनाने आधी मनगटाला हळदीचा दोरा बांधला, देवाची माफी मागितली आणि साबणाच्या पाण्याने एकेक बांगडी उतरवली. शेवटची वाढली. दोन तुकडे फरशीवर पडले आणि भाभीचंही हसू आटलं.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मध्येच कुणाचा फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं, म्हणून भाभीने मोबाइल एरोप्लेन मोडवर टाकला. दहा मिनिटांचे झाले पन्नास. आधी कवचाचा पट्टा निघाला, मग वीज गेली, मग लाइटची सावली पडद्यावर पडली. साडेतीन वाजले तशी मैनाची नजर कॅमेऱ्यावर ठरेना. तिकडे सागर ‘सुटलो’ म्हणत असेल आणि ऐकायला कुणी नसेल. तिने दोनदा थांबायला सांगितलं, भाभी दोनदा म्हणाली, हा शेवटचा.

चारला एरोप्लेन मोड काढला. अकरा मिस्ड कॉलचे मेसेज, सगळे सागरचे. एका शब्दासाठी कुणी अकरा वेळा फोन करत नाही. तिने लावला तर एंगेज, पुन्हा लावला तर पुन्हा एंगेज. तिला फरशीवरचे तुकडे दिसायला लागले, आणि आपणच नवऱ्याचा घात केला असं तिने मनाशी धरूनही टाकलं. शेवटी तिकडूनच फोन आला.

"मैना, तुझे हात बरे हायत ना गो?"

तिला कळेचना. मग हळूहळू त्याने सांगितलं. सकाळी अकराला पाइप फुटला आणि ॲसिड केरूच्या उजव्या हातावर गेलं. केरू म्हणजे चिपळूणकडचा, सागरच्याच खोलीत राहणारा. डॉक्टर म्हणतात, हात राहायचा नाही. सागर दुपारपासून इस्पितळाच्या बाकावर होता, तिथे कुणीतरी मोबाइलवर तो व्हिडिओ पुढे केला, ही तुझीच बायको ना? मोबाइलची करामत आहे हे त्याला कळत होतं. पण हाताशिवायची बायको बघवेना, आणि हिचा फोन लागेना.

मैना ढसाढसा रडली. रडता रडता हिशेब सुटला तसा तिला जरा धीर आला. पाइप अकराला फुटला, बांगड्या निघाल्या तीननंतर. म्हणजे आपल्या हातून काही झालं नाही. पण तेवढ्यात तिला केरूची बायको आठवली. दिवाळीत खोलीवर भेटली होती, दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. आजही भरलेलेच असणार. मग त्या बांगड्यांनी काय राखलं? इतकी वर्षं सगळा भार चुड्यावर टाकून मैना दिवस काढत होती, तो आता टाकायचा कुठे?

"त्याने हातमोजे घातले नव्हते?" तिने विचारलं.

"उकडतं गो. कोणच घालत नाय."

"आणि तू?"

सागर केरूच्या इस्पितळाच्या खर्चाचं बोलायला लागला. धामण परवडली, मैनाला वाटलं, ती निदान दिसते तरी. तिने त्याला तिथल्या तिथे बजावलं, उद्यापासून पाळीवर जाण्याआधी रबरी मोजे घालून हातांचा व्हिडिओ पाठवायचा, नाहीतर मी लोट्याला येऊन गेटवर बसेन.

बांगड्या तिने त्याच संध्याकाळी पुन्हा भरल्या. सकाळी पावणेसातला व्हिडिओ आला. कोपरापर्यंत नारिंगी मोजे, दोन्ही हात पालथे, मग उताणे, मागे एक माणूस लॉकर उघडतोय. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. भाभी म्हणाली, बघ, ऐकतो की तुझा नवरा.

चौथ्या दिवशी मैना चहा गाळत होती. तिने व्हिडिओ लावला, पाहिला, पुन्हा लावला. तीन वर्षं एकेक सेकंद मागेपुढे करून तिची नजर तयार झाली होती. डाव्या अंगठ्यापाशी तोच काळा डाग, मागे तोच माणूस, तेच लॉकर, तेही त्याच सेकंदाला उघडणारं. पहिल्या दिवसाचाच व्हिडिओ होता.

तिने लगेच फोन लावला. बंद. एव्हाना मोबाइल लॉकरमध्ये गेला असणार आणि सागर पाळीवर. साडेतीन वाजायला अजून पावणेनऊ तास होते.