आबांची किसणी
गाजराच्या हलव्यासाठी किसणी हातात घेतली, की पहिल्याच खरखरीला मला ती दुपार आठवते. मी राजारामपुरीतल्या एका क्लासात बचाटा नावाचा परदेशी नाच शिकत होते आणि त्या दुपारी घरी गाणं लावून सराव करत होते. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी तमाशात ढोलकी वाजवायचे. पुढं शिरोलीच्या एका फौंड्रीत उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि ढोलकी माळ्यावर गेली. "कुठलं गं हे गाणं?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, की हे मूळचं तिकडच्या गरिबांचं. आधी साधी गिटार आणि बोंगो नावाची छोटी जोडढोलकी वाजवायचे, किसणीसारखा खरबरीत पत्रा खरवडायचे, मग त्यात इलेक्ट्रिक गिटार आली, शहरातल्या पोरांनी इंग्रजी गाण्यांचा ढंग मिसळला, आणि आता सगळं जग यावर नाचतंय. "म्हंजे ह्याला पाची बोटं लागत न्हाईत की!" म्हणत त्यांनी फळीवरची किसणी काढली आणि चमच्यानं असा ठेका धरला, की मी स्वयंपाकघरातच नाचले. पुढं क्लासच्या नाचाच्या कार्यक्रमाला दोघं निघताना मात्र मी बजावलं, "आबा, तिथं किसणीचं नाव काढू नका हं, लोक हसतील." "न्हाई गं, मी कशाला काढतोय," ते म्हणाले. नाच संपल्यावर मी त्यांची पिशवी उचलली, तर आत टॉवेलात गुंडाळलेली किसणी होती. मी टॉवेल पुन्हा तसाच गुंडाळला. घरी येऊन त्यांनी ती फळीवर ठेवली आणि पुन्हा कधी तिला हात लावला नाही. आबा गेले. आता मीच क्लास घेते, आणि नवीन पोरींचा पाय चुकला की म्हणते, "बाकीचं सगळं सोडा, तो पत्रा खरवडल्याचा आवाज ऐका. त्याच्यावर पाऊल टाका."