पेंडी दे इकडं

बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. बंगलोरहून पोरीचा फोन आला. ती पोटुशी होती आणि डॉक्टरनं तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणजे आईच्या वर्षश्राद्धाला तिला येता येणार नव्हतं. आधी तिचं रडणं झालं. मग ती म्हणाली, "बाबा, मले आईचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवते, हात आठवते. आवाज नाही आठवत."

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म धानाच्या बांधीत गेला.  "आठवंल," म्हटलं आणि फोन सुनेच्या हातात दिला. खरं सांगतो, मला राग आला होता. पोटच्या पोरीला आईचा आवाज आठवू नये? मग मागं सांदवाडीत जाऊन बसलो आणि मीच आठवून पाहिला. ती काय बोलायची ते सगळं आठवलं. कशी बोलायची ते हाताला लागेना. तेव्हा पोरीवरचा राग गेला.

सून आमची शाळेत मास्तरीण. रोगाच्या साथीत शाळा बंद होत्या तेव्हा ती घरात बसून मोबाईलवर पोरांना शिकवायची. चित्रं करायची, चित्रावर आपला आवाज चढवायची. सासूला ती आत्याबाई म्हणायची. तिनंच काढलं, "मामाजी, आपण वर्षश्राद्ध ऑनलाइन दाखवू. आत्याबाईच्या फोटोंच्या स्लाइडा बनवते. तुम्ही एकेका फोटोवर दोन शब्द बोला. ताई तिकडं पलंगावर पडल्या पडल्या पाहातीन. आणि रोवण्याचा व्हिडिओ आहे ना माझ्याजवळ, तो शेवटी टाकू."

तो व्हिडिओ मला माहीत होता. बायको गेली त्याच साली रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना सुनेनं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभं राहून काढला होता. बायको गाते आहे त्यात. तिचा आवाज असलेली तेवढीच एक गोष्ट आमच्या घरात उरली होती. बाकी सगळे फोटो, मुके.

माझा आवाज भरायचं काम पहिलं सुरू झालं. ओसरीत बसलो तर कोंबडा मधे बोलला, मग कोणाची गाडी गेली. माजघरात गेलो तर वरती टिना, आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमायचा. सून घरभर मोबाईल घेऊन टाळ्या वाजवत फिरली. शेवटी आतल्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, "मामाजी, इकडं या! इथं घुमत नाही."

धान नुकतंच चुरून, मळून घरात आलं होतं. त्या खोलीत छतापर्यंत पोत्यांची थप्पी. खरंच, तिथं बोललेलं तोंडापुढंच पडायचं. पोती आवाज पिऊन टाकतात म्हणाली. मी दोन पोत्यांच्या मधे बसलो, ती मोबाईल धरून पुढ्यात.

पहिला फोटो लग्नातला. मी बोललो, "हा लग्नातला फोटो. ती रागात आहे. तिले माझी मिशी आवडली नोहोती."

"मामाजी, असं नका ना बोलू. सारे नातेवाईक ऐकतीन."

"मंग काय बोलू?"

"म्हणा, सुखाचा संसार केला."

"फोटोत दिसते का तसं?"

ती हसायला लागली. तिचं हसणंही त्यात भरलं गेलं. ते कापावं लागलं. मिशी मात्र तिनं राहू दिली.

दोन दिवसांनी तिनं मला व्हिडिओ ऐकवला. कानाला लावायची बोंडं दिली आणि म्हणाली, "पहा, किती साफ केला. वारा काढला, पाण्याचा आवाज काढला."

मी ऐकला. बायकोचा आवाज होता खरा, पण कोरडा. एकटीच गात होती. आमच्याकडं रोवण्यात एक बाई म्हणते आणि बाकीच्या वाकल्या वाकल्या मागून झेलतात. म्हणणारीला तेवढ्यात दम मिळतो. माझी बायको म्हणणारी होती. घरी कोणी गा म्हटलं तर गायची नाही, "मागून कोणी नसलं त मले येतच नाही," म्हणायची. सुनेच्या मोबाईलनं त्या मागच्या बायांना गोंगाट समजून काढून टाकलं होतं आणि त्यांची जागाही मिटवली होती. बायकोची एक ओळ संपली की लगेच दुसरी. मधे श्वासही नाही.

"हे तुझी सासू नव्हे," मी म्हटलं. "एकटी बाई एवढी बांधी रोवून राहिली का?"

सुनेचं तोंड उतरलं. बिचारी शाळा करून, सैपाक करून ते करत बसली होती. पण मी थांबलो नाही. "आणि शेवटचं कुठं गेलं? गाणं झाल्यावर ते बोलते ना."

ती मग म्हणाली, "ते मी कापलं."

"काहून?"

"मामाजी, त्यात आत्याबाई मले बोलतात. सगळ्यांसमोर बरं दिसंल का?"

तर ते असं होतं. गाणं झाल्यावर बायको कंबर सरळ करते, मोबाईलकडं पाहाते आणि सुनेला म्हणते, "तो डब्बा ठेव ना आता. पेंडी दे इकडं." पेंडी म्हणजे उपटलेल्या पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची जुडी. सून धुऱ्यावर व्हिडिओ काढत उभी आणि बायकोच्या हातातला पऱ्हा संपलेला.

मी म्हटलं, "बोलत होती त बोलत होती. तुले, मले, बैलाले, सगळ्याले बोलत होती. राहू दे."

 दुसऱ्या दिवशी तिनं जसा होता तसा व्हिडिओ परत लावून आणला. चिखलात पाय काढल्याचा आवाज, मागच्या बाया, वारा, सगळं. फक्त बायकोचा आवाज थोडा वर उचलला होता. "आमच्याकडचं नेट कमजोर आहे मामाजी, चित्र थोडं फाटंल," म्हणाली. मी म्हटलं, "चित्र फाटू दे. आवाज फाटू नको देऊ."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पूजा झाली, पान वाढलं, कावळा लवकर आला. मग ओसरीत टीव्ही मांडला, त्याला सुनेनं आपला लॅपटॉप जोडला. रोवण्याच्या टोळीतल्या बाया आल्या होत्या, त्यांत शेजारची म्हातारी, वयानं सगळ्यांत मोठी, सगळ्यांच्या पुढं बसली. टीव्हीच्या एका बाजूला खिडक्या खिडक्यांत नातेवाईक. पोरगा नागपूरहून कंपनीतून सुट्टी काढून आला होता, त्याला सुनेनं सगळ्यांचे माईक बंद करायला सांगितलं होतं. पोरगी पलंगावर, पाठीला उशी.

स्लाइडा चालल्या. मिशीवर बाया हसल्या. मग व्हिडिओच्या ऐन तोंडावर नेट गेलं. खिडक्या साऱ्या काळ्या. सुनेच्या कपाळाला घाम. थोड्या वेळानं आलं, तिनं घाईघाईनं सगळं परत जोडलं आणि व्हिडिओ लावला.

ओसरी भरून बायकोचा आवाज आला.  बायांनी काही ठरवलं नव्हतं, पण पहिली ओळ संपली आणि त्यांनी बसल्या जागी झेलली. टीव्हीतल्याही झेलत होत्या, इथल्याही. म्हातारीचे डोळे वाहात होते आणि गळा चालू होता.

मी पोरीच्या खिडकीकडं पाहिलं. ती हात हलवत होती. तोंड हलत होतं, माईक बंद.

"ताई रडून राहिल्या," सून हळूच म्हणाली.

"रडत नाही ते," मी म्हटलं. "कान दाखवून राहिली. तिले ऐकू येऊन नाही राहिलं."

पलीकडच्या बांधीतून हाक ऐकू आली नाही की माणूस असाच कानामागं हात धरतो. लहानपणी धुऱ्यावरून ती असाच धरायची.

सुनेनं व्हिडिओ थांबवला, पोरीचा आणि आपलाही माईक उघडला. पोरगी रडकुंडीला येऊन ओरडली, "वहिनी, चित्र दिसते, आवाजच नाही! तुम्ही सारे गाऊन राहिले आणि मले काहीच नाही!"

सुनेनं जीभ चावली. आवाजही पाठवायचा म्हणून एक खूण करावी लागते, ती तिनं सकाळी केली होती, परत जोडताना राहून गेली. "चुकलं ताई, माझंच चुकलं. पुन्हा लावते." खूण केली, पुन्हा लावलं.

या खेपेला पोरीनंही तिकडून झेललं. पण नेटवरून तिचा आवाज उशिरा यायचा. आमच्या बायांची ओळ संपून जायची, मग तिची मागून एकटी. म्हातारीनं टीव्हीकडं पाहून हात उडवला, "मागं राहिली वो पोरी! हात चालव!" रोवण्यात मागं पडणारीला असंच चिडवतात. पोरगी गाता गाता हसली.

गाणं संपलं. मी बायांना हातानं गप केलं. टीव्हीत बायकोनं कंबर सरळ केली.

"तो डब्बा ठेव ना आता. पेंडी दे इकडं."

 खिडकीत पोरीचं तोंड तसंच. मला वाटलं नेट अडकलं. मग ती म्हणाली, "हाच."

"काय?"

"हाच, बाबा. गाण्यातला नाही. हा." आणि मग, "वहिनी, पुन्हा लाव ना. तेवढंच लाव."

सुनेनं तेवढंच लावलं. पेंडी दे इकडं. पुन्हा लावलं.  सुनेचे डोळे भरले होते, मान खाली. आधी तिला ते बोलणं लपवायचं होतं आणि आता तीच ते पुन्हा पुन्हा लावत होती.

तेवढ्यात पोरगी तिकडून नाक पुसत म्हणाली, "दे ना वो वहिनी तिले पेंडी. कवाची मागून राहिली."

ओसरीत सगळ्या हसल्या. मीही हसलो. सून पदरानं डोळे पुसत म्हणाली, "देते ना, देते," आणि तिनं परत लावलं.