चेहऱ्याचं माप

दतिया गेटजवळचा चष्मेवाला दर वाक्याआधी ‘देखिए जी’ म्हणतो आणि स्वतः मात्र संगणकाच्या पडद्याला डोळे लावून बसतो. फोटो किती धूसर आला यावरून त्याचा नवा कॅमेरा चेहऱ्याचं अंतर ओळखतो आणि त्यावरून चेहऱ्याचं माप काढतो.

माझ्या आत्याची मान सतत कापते. त्यामुळे फोटो पुसट आला, ती लांब बसली आहे असं यंत्राला वाटलं आणि माप भलतंच मोठं निघालं. त्या मापाची म्हणून त्यानं तिला चढवलेली फ्रेम थेट तिच्या ओठांवर घसरली. दुकानातली माणसं हसली.

“देखिए जी, मशीन सही है. माताजी हिल रही हैं,” असं म्हणत त्यानं तिची हनुवटी चिमटीत पकडली.

मला संताप आवरेना. मी त्याचा हात झटकला. “भैया, ये बीमारी है उनकी! छोड़िए!”

आत्यानं मात्र समोरची एक लहान फ्रेम उचलली आणि घातली. ती अगदी नेमकी बसली.

“हीच घेऊ या रे,” ती आरशात बघत म्हणाली.

“देखिए जी माताजी, ये आपका साइज़ नहीं है,” तो म्हणाला, आणि ती फ्रेम त्यानं तिच्या नाकावरून काढून घेतली.