कमलच्या रक्ताचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कमलला ओळखत नाही — आणि गप्प राहण्याचाही आता शीण आलाय.

कमल माझी धाकटी जाऊ. चिकलठाण्याला आमचं एकत्र घर, सासूबाईंच्या हाताखाली आम्ही दोघी. मी गारखेड्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये रक्त तपासायला जायचे, त्यामुळे घरात माझा शब्द चालायचा. कमल अंगानं जाड. चार पायऱ्या चढली की धापा टाकायची, भांडी घासता घासता भिंतीला टेकून बसायची. चोरून पोरांचे खडू खायची, तेही मी पाहिलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "खाल्लेलं लई अंगी लागतंय हिच्या, काम तेवढं लागत नाय." सगळे हसायचे. मीही.

एकदा ती चक्कर येऊन पडली. दिरांनी सांगितलं म्हणून मी तिचं रक्त नेऊन तपासलं. हिमोग्लोबिन सात; बाईला बारा तरी हवं. पुन्हा पाहिलं — सातच.

इथं थांबावंसं वाटतं. पुढचं चुकून झालं असं म्हणता आलं असतं तर! जाड बाईच्याही अंगात रक्त कमी असू शकतं, खडू खावासा वाटणं ही त्याचीच खूण, हे मला ठाऊक नव्हतं का? आकडा माझ्याच हातानं लिहिला होता. पण घरी येताना मनात भलतंच आलं. हिला आराम सांगतील — मग सकाळच्या भाकरी कोण थापणार? पाणी कोण भरणार? मीच ना?

रिपोर्ट पर्समध्ये राहिला. सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय निघालं गं?"

"रक्त चांगलंय," मी म्हणाले. "वजन तेवढं कमी करायला पाहिजे."

एवढंच बोलले. त्या दिवसापासून कमलचं रात्रीचं जेवण बंद झालं. सकाळच्या ताटातली भाजीही निम्मी झाली. आणि ती स्वतःच स्वतःला आळशी म्हणायला लागली. जरा टेकली की दचकून उठायची. नऊ वर्षं. मधे कधी सांगता आलं नसतं? रोज आलं असतं.

शेवटी दीर तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी समजावलं — वजन जास्त असलं की पोटात गेलेलं लोह शरीर नीट घेत नाही. वरून बाई भरलेली दिसते, आत रक्त नसतं. त्यांनी औषध सुरू केलं. काही महिन्यांनी कमल स्वयंपाकघरात आली, माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. "अक्का, म्या आळशी नव्हते. अंगात रगतच नव्हतं." मला तिच्याकडे बघवेना. मी चहाचं आधण ठेवलं.

गेल्या वर्षी घरच्या एका बारशाला मावससासूबाईंनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, घरातच रक्त तपासणारी असून इतकी वर्षं कळलं कसं नाही?

कमल चिडलीच. "अक्कानं तवाच तपासलं व्हतं. तवा चांगलं व्हतं माझं रगत. व्हय ना अक्का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कमलसुद्धा.

"हो," मी म्हणाले, "तेव्हा चांगलं होतं."